विंडो दोन्ही मॉनिटरवर पसरते? आधी आकडे बघ

भाऊ, विंडो मॅनेजरच्या (पडद्यावर विंडो मांडणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडला हात लावण्याआधी एक्सरँडर, म्हणजे मॉनिटरचे आकार आणि जागा दाखवणारी कमांड, चालव आणि आकडे वहीत उतरव. माझा एक मॉनिटर १९२०×१०८०, शेजारी नागपूरच्या बर्डीवरून आणलेला जुना १३६६×७६८. वरच्या कडा जुळवलेल्या. मॅक्सिमाइज केल्यावर रुंदी ३२८६ दिसली की समज, मॅनेजर दोन्ही पडदे एकच धरतोय. विंडोचा मध्यबिंदू ज्या मॉनिटरवर, मॅक्सिमाइजसाठी त्याचाच चौकोन घे.

खरा घोळ पॅनलचा, म्हणजे पडद्याच्या कडेला असणाऱ्या पट्टीचा. माझ्या दोन रात्री त्यातच गेल्या. एक्स ११ मध्ये (लिनक्सवर विंडो दाखवणारी प्रणाली) पॅनलची राखीव जागा एका मॉनिटरच्या नव्हे, दोन्ही मॉनिटर मिळून होणाऱ्या अख्ख्या स्क्रीनच्या कडेपासून मोजतात. लहान मॉनिटरच्या तळाशी ३० पिक्सेलची पट्टी असेल तर आकडा ३४२ हवा: १०८० वजा ७६८, अधिक ३०. एक्सप्रॉप (विंडोचे गुणधर्म दाखवणारी कमांड) चालवून पॅनलवर क्लिक केल्यावर तोच आकडा येतो का, ते आज रात्रीच बघ.