तू जाऊ नकोस, त्याला येऊ दे

सप्रेम आशीर्वाद.

शिंजीर पक्ष्याच्या घरट्याचा तुझा फोटो पाहिला. कपड्यांच्या दोरीला लोंबणारी पिशवी, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेले सालींचे तुकडे, दारावर इवलीशी पडवी, सगळं स्वच्छ आलंय. दारात दोन वासलेल्या चोची. तू विचारतेस, ६०० मिमीची लेन्स हप्त्यावर घेऊ का, आणि फोटो इतका छान असून ग्रुपवर लोकांनी झापलं का?

लेन्सचं नंतर. कॅमेरा घरट्यापासून किती लांब होता? हातभर? फ्लॅशही मारलास, नाही म्हणू नकोस, चोचीच्या कडेवर चमक दिसतेय. आणि तू तिथे उभी होतीस तेवढा वेळ मादी चारा घेऊन समोरच्या तारेवर ताटकळत होती, हे बघितलंस का?

मी नव्हतं बघितलं. १९९७ साली जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं होतं. रोलमध्ये छत्तीसच फोटो, एकेक जिवावर यायचा. उजेड पुरेना म्हणून मी दोन फांद्या छाटल्या. दोनच. फोटो झकास आला. दुपारी जेवून बाहेर आलो तर घरट्याची वाटी रिकामी, आणि कावळा कुंपणावर चोच पुसत बसलेला. त्याला दार मीच उघडून दिलं होतं. त्या फोटोला पुढे एका स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं. ते मी घेतलं, हेही तुला सांगून टाकतो.

तेव्हापासून एकच हट्ट धरलाय. आपण जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. घरट्याकडे तर नाहीच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला छेडणं 'शिकार' या व्याख्येतच मोडतं. कितीतरी स्पर्धा आता घरट्यांचे फोटो दारातूनच परत पाठवतात. पण कायद्याच्या धाकाने थांबणार असशील तर मला पत्र लिहू नकोस.

अगं, परसात सावलीला मातीचं थाळं ठेव, दोन बोटं पाणी. शेजारी एक वाळकी काटकी रोव. मग जमिनीवर बस, खुर्चीत नाही. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला लेन्स आली पाहिजे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. आणि हलू नकोस. पहिल्या दिवशी कोणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी साळुंक्या येऊन भांडतील. माझ्याकडे दयाळ नवव्या दिवशी आला. काटकीवर बसला, शेपटी ताठ उभारली, माझ्याकडे बघितलं आणि तरीही पाण्यात उतरला. त्या 'तरीही'साठी बसायचं असतं.

लोक म्हणतात, काका, तुमच्याकडे भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा एक धड फोटो नाही. नसू दे. होडी थव्यात घालून त्यांना उडवायचं आणि मग 'फ्लाइट शॉट' म्हणून मिरवायचं, हे मला जमलं नाही. जमवायचंही नव्हतं. (गुडघे दुखतात हे निमित्त अलीकडचं.) पुन्हा सांगतो, येऊ दे त्याला.

पिल्लं उडून जाईपर्यंत त्या दोरीवर कपडे घालू नका, आईलाही सांग. आणि हप्ते नकोत. माझी जुनी ३०० मिमीची लेन्स पडून आहे, पावसाळ्यात काचेच्या कडेला थोडी बुरशी धरलीय, पण चालते. घरटं रिकामं झालं की ये आणि घेऊन जा. त्याआधी देणार नाही.

तुझा,
काका