फिजी २०२२: २६ जागा जिंकूनही सरकार का गेलं?

तुम्ही विचारलंय की २०२२ साली फिजीत ५५ पैकी २६ जागा जिंकून तेव्हाचे पंतप्रधान फ्रँक बायनीमारामा यांचा फिजीफर्स्ट पक्ष सगळ्यांत मोठा ठरला, तरी सत्ता गेली. हा जनादेशाचा अपमान नव्हे का? माझं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे.

आपल्यासारखे मतदारसंघ तिथे नाहीत. अख्खा देश एकच मतदारसंघ. मतपत्रिकेवर ना नाव, ना चिन्ह, नुसत्या आकड्यांच्या चौकटी. उमेदवाराचा क्रमांक ध्यानात ठेवायचा आणि त्यावर खूण करायची. जागा मतांच्या प्रमाणात मिळतात, पण ५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर हाती शून्य. फिजीफर्स्टला साधारण साडेबेचाळीस टक्के मतं पडली. म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारांनी त्यांना नाकारलंच होतं.

सितिवेनी राबुकांच्या पीपल्स अलायन्सला २१, मित्रपक्ष नॅशनल फेडरेशन पार्टीला ५. तिकडेही २६! उरल्या सोडेल्पाच्या (सोशल डेमोक्रॅटिक लिबरल पार्टी) ३. हा पक्ष ५ टक्क्यांची रेषा जेमतेम ओलांडून आला आणि सरकार कुणाचं हे त्याच्या हाती गेलं. २० डिसेंबरला त्यांच्या व्यवस्थापन मंडळाने १६ विरुद्ध १४ मतांनी राबुकांच्या बाजूने कौल दिला. त्या मतदानावर आक्षेप आले, म्हणून २३ तारखेला पुन्हा मतदान: १३ विरुद्ध १२, कौल राबुकांच्याच बाजूने. मधल्या दिवसांत पोलिसांच्या मदतीला लष्कर उतरवल्याचं जाहीर झालं. १९८७, २००० आणि २००६ ची बंडं पाहिलेल्या लोकांच्या पोटात त्या बातमीने गोळा आला नसता तरच नवल. २४ डिसेंबरला संसदेत गुप्त मतदान झालं. आघाडीकडे २९ खासदार, राबुकांना मतं पडली २८. एक मत फुटलं होतं. बहुमताला २८च लागत होती.

आता यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट. नॅशनल फेडरेशन पार्टी ज्या आघाडीत होती, ते डॉ. तिमोची बावद्रांचं सरकार १४ मे १९८७ ला बंड करून पाडणारे लेफ्टनंट कर्नल म्हणजे हेच राबुका. १४ मे हीच तारीख गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचीही आहे: १८७९ साली भारतातून मजूर घेऊन आलेलं लिओनिडास हे पहिलं जहाज याच दिवशी फिजीला लागलं. १४ मे २०२३ ला पंतप्रधान राबुकांनी भारतीय वंशाच्या फिजीवासीयांची जाहीर माफी मागितली. तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळत होते ते नॅशनल फेडरेशन पार्टीचे बिमन प्रसाद.