दुसरं बाळ येणार आहे आणि सणाच्या सुट्टीत मला सारखं रडू येतंय, हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, पहिला मुलगा चार वर्षांचा आहे, सुट्टीत घर पाहुण्यांनी भरणार आहे, सगळे खूश आहेत आणि तुम्हाला मात्र "आपण तिघंच असण्याची ही शेवटची सुट्टी" असं वाटून सारखं भरून येतं, आणि मग परत त्याचंच वाईट वाटतं की येणाऱ्या बाळावर आपली माया कमी आहे की काय. हो, नॉर्मल आहे, अगदी नॉर्मल आहे. मी आत्ता याच सगळ्यातून जातेय, आठवा महिना लागलाय आणि मोठी मुलगी पाच वर्षांची आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

पहिली गोष्ट, हे रडू येणं बाळाबद्दल नाहीये, मोठ्याबद्दल आहे. पहिल्या वेळी आपण कोणाचंच काही काढून घेत नसतो, फक्त वाट बघत असतो. दुसऱ्या वेळी समोर एक आख्खं माणूस असतं ज्याला आत्तापर्यंत आई पूर्ण मिळालीये. सणाची साफसफाई करताना नवऱ्याने माळ्यावरून तान्ह्या कपड्यांचा बॉक्स खाली काढला, मुलगी आली आणि तिने त्यातलं टोपडं घेऊन डोक्यावर घालायचा प्रयत्न केला, ते कसं बसणार, मग तिने ते मुठीवर चढवलं आणि मूठ माझ्यासमोर धरून विचारलं, "माझं डोकं एवढं होतं?" मी हो म्हटलं आणि तिथेच फरशीवर बसून रडले. ती घाबरली नाही, शेजारी बसून एकेक मोजा जोडीने लावत राहिली. दोन सुट्ट्यांच्या मधे पोरं एवढी मोठी होतात की पोटात कालवतं, बाळ येणार नसतं तरी मला तेवढंच रडू आलं असतं. त्यामुळे "माया कमी आहे" हा विचार डोक्यातून काढूनच टाका.

शरीराचंही बघा ना. प्रेग्नन्सीच्या शेवटाकडे शरीरातलं रक्त नेहमीपेक्षा जवळपास निम्म्याने जास्त झालेलं असतं, हृदय तेवढं जास्त काम करतंय, रात्री बाथरूमसाठी उठावं लागतं, कूस बदलायची म्हणजे एक कार्यक्रम, जरा जास्त जेवलं की छातीत जळजळ कारण जठराच्या तोंडाची झडप हार्मोन्समुळे सैल पडलेली असते आणि खालून गर्भाशय दाबतंय. अशा अवस्थेत दिवसभर उभं राहून वीस माणसांचं बघायचं म्हटलं तर कोणालाही रडू येईल. आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, शोषणच नीट होत नाही, पाहुण्यांमुळे दिवसभर कप चालू असतात आणि गोळी त्यातच उरकली जाते, हे बऱ्याच जणींचं होतं. दोन्हींमधे एक-दोन तास जाऊ द्या.

पाहुण्यांचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, यावर्षी तुम्ही यजमान नाही. सण घरात होईल, पण तो तुमच्या उभं राहण्यावर उभा नको. आणि हे आयत्या वेळी सांगून चालत नाही, सगळे येऊन बसल्यावर तुम्ही आत जाऊन पडलात की लोकांना रुसवा वाटतो, तेच आधी सांगितलं की सगळे आपापली सोय करतात. ज्याच्या त्याच्या माणसांशी ज्याने त्याने बोलायचं, म्हणजे तुमच्या आई-बाबांना तुम्ही सांगा, नवऱ्याच्या घरच्यांना त्यानेच सांगू दे. आमच्याकडे नवऱ्यानेच फोन करून सांगितलं की स्वयंपाक या वेळी सगळे वाटून घेऊ, दुपारी हिची खोली बंद राहील आणि राहायला येणारे दोन दिवसच राहतील. मला धाकधूक होती. नंतर सासूबाईंचा मला फोन आला, म्हटलं आता ऐकावं लागणार, तर त्या म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या वेळी मला कोणी बस म्हणालं नव्हतं, तू बस." मी फक्त "हो आई" एवढंच म्हणू शकले. सगळ्यांच्या घरी असंच होईल असं नाही, काही जण नाराज होतील, होऊ देत, सण पुढच्या वर्षी परत येतो.

सर्दी-खोकला, ताप असलेल्यांनी बरं झाल्यावरच यावं, हेही सांगताना संकोच करू नका, प्रेग्नन्सीत फ्लू जास्त त्रासदायक ठरू शकतो. फ्लूची लस प्रेग्नन्सीत कधीही घेता येते आणि डांग्या खोकल्याची साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात, म्हणजे तुमचा टाइम अगदी बरोबर आहे, डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती सांगते. नातेवाईक जमले की कोणीतरी मोठ्या पोराला हमखास म्हणतंच, "आता काय बाबा, तुझे लाड बंद, आई आता बाळाची!" बोलणाऱ्याला ती गंमत वाटते. चार वर्षांच्या मुलाला गंमत कळत नाही, त्याला ती बातमी वाटते. मग ते पोर रात्री उगाच चिकटतं, ट्रेनिंग झालेलं असूनही अंथरूण ओलं करतं, भरवून मागतं आणि सगळे म्हणतात हट्टी झालाय. असं कोणी बोललं तर तिथल्या तिथे, पोराच्या समोर, शांतपणे सांगा की नाही, आई दोघांची आहे आणि तुझे लाड कुठेही जात नाहीयेत. नंतर खोलीत नेऊन समजावण्यात अर्थ नाही, त्याने जिथे ऐकलं तिथेच त्याला उत्तरही ऐकू यायला हवं. मी हे थोरामोठ्यांसमोर केलंय, दोन मिनिटं खोलीत शांतता झाली आणि मग गप्पा पुढे चालू झाल्या, एवढंच होतं. आणि "तू आता मोठा झालास" हे पण जपून वापरा, चार वर्षांचं पोर लहानच असतं, भाऊ-बहीण आल्याने ते एका रात्रीत मोठं होत नाही.

मोठ्याला वेळ दिला तर बाळाकडे दुर्लक्ष होतंय असं वाटत असेल तर एक फार छान गोष्ट सांगते, मला स्वतःला यानेच सगळ्यात जास्त बरं वाटलं. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास आवाज ऐकू यायला लागतात. १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात आयांनी प्रेग्नन्सीच्या शेवटच्या ६ आठवड्यांत रोज तीच एक गोष्ट मोठ्याने वाचली आणि जन्मानंतर त्या तान्ह्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट ऐकायला जास्त पसंती दिली, चोखण्याच्या लयीवरून ते मोजलं होतं. म्हणजे विचार करा, तुम्ही रात्री मोठ्याला कुशीत घेऊन त्याची आवडती गोष्ट दहाव्यांदा वाचताय तेव्हा आत दुसरं पण ती ऐकतंय, एकाच आवाजात दोघांचं भागतंय. मुलगी तर आता पान उलटायच्या आधी पोटाला विचारते "कळलं का?" आणि लाथ बसली की पुढे जायची परवानगी मिळते. त्यामुळे गर्दीतही झोपायच्या आधीची वीस मिनिटं दार लावून फक्त तुमची ठेवा, घरात कोणीही आलेलं असो. फोटोही काढा, तिघांचे, साधे, आवरून-सावरून नाही, गाऊनमधे सुजलेल्या पायांचे चालतील.

पण एक गंभीर गोष्ट. भरून येणं वेगळं आणि डिप्रेशन वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ उदासच वाटतंय, कशातच रस नाही, पाहुणे नसताना आणि वेळ असतानाही झोप येत नाही, किंवा आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार येतायत, तर सण संपायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना सांगा, आणि तसले विचार येत असतील तर त्याच दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात साधारण १० टक्के गरोदर बायकांना मानसिक आजाराचा त्रास होतो आणि त्यात मुख्य डिप्रेशनच असतं, म्हणजे लाजण्यासारखं यात काही नाही. एडिंबरा स्केल म्हणून १० प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरात आहे, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं तेवढंच विचारतात. डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं नाही तर तुम्ही मागा.

आणि गडबडीत बाळाच्या हालचालींकडे लक्ष असू द्या. दिवसभर पायावर असलं की त्या जाणवत नाहीत, म्हणून संध्याकाळी डाव्या कुशीवर शांत पडा आणि बघा. घरातलं कोणीतरी अनुभवी सांगेल की शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, ते खरं नाही, हालचालीचा प्रकार बदलू शकतो पण कमी व्हायला नको. कमी वाटली, किंवा डोकं खूप दुखतंय, डोळ्यांसमोर चमकतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, तर कोण आलंय कोण जेवायचं राहिलंय काही बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल. सुट्टीत बरेच डॉक्टर स्वतः पण बाहेरगावी असतात, म्हणून पुढच्या तपासणीलाच विचारून ठेवा की त्या दिवसांत त्यांच्या जागी कोण बघणार आहे, रात्री कुठे फोन करायचा, आणि तो नंबर नवऱ्याच्या फोनमधे पण सेव्ह करून घ्या.