पोर्ट्रेटसाठी ५० की ८५ मिमी?
दोन्ही लेन्सची (मिमी म्हणजे फोकल लेंग्थ; आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद) तुलना करताना आधी हे ध्यानात घ्यावे की चेहऱ्याची ठेवण लेन्समुळे नव्हे, तर कॅमेऱ्याच्या अंतरामुळे बदलते. ५० मिमीने केवळ चेहऱ्याने फ्रेम भरायची तर इतके जवळ जावे लागते की नाक मोठे आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात, तर ८५ मिमीने तीच फ्रेम दुरून मिळते व चेहरा प्रमाणबद्ध राहतो. मात्र आपला कॅमेरा १.५ पट क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ३५ मिमी फिल्मइतक्या फुल-फ्रेम सेन्सरहून लहान सेन्सरचा) असेल, तर ५० मिमीची चौकट फुल-फ्रेमवरील ७५ मिमीइतकी होते, त्यामुळे नवशिक्याने तूर्त ५० मिमीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान खोलीत ८५ मिमी लावून मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते, हे वेगळेच.

एफ/१.४ अ‍ॅपर्चरच्या (लेन्सचे छिद्र; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद) मोहात पडू नये. फुल-फ्रेमवर ८५ मिमीने एफ/१.८ ला दीड मीटरवरून टिपल्यास जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मान किंचित वळली तरी जवळच्या डोळ्याची पापणी रेखीव आणि पलीकडचा डोळा धूसर होतो. अशा वेळी फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवून अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा एफ/४ करावे.