कोकणातल्या छोट्या नगरपरिषदेला पाणी आणि भुयारी गटारासाठी वर्ल्ड बँक किंवा एडीबीचं (आशियाई विकास बँकेचं) कर्ज मिळतं का, आणि ते फेडायचं कोणी?

तुम्ही लिहिलंय की नळपाणी योजना जुनी झालीय, सांडपाणी व्हाळातनं सरळ खाडीत जातंय आणि सभेत कोणीतरी म्हणालं की वर्ल्ड बँकेचं नायतर एडीबीचं कर्ज आणू. मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका गावात एक टर्म नगरसेविका होते, पाणीपुरवठा समितीवरच होते, त्यामुळे हा विषय कागदावर आणि नळावर दोन्हीकडे बघितलाय.

नगरपरिषदेला अशी बँक थेट कर्ज देत नाही. आपल्या घटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्य सरकारसुद्धा फक्त देशातच कर्ज काढू शकतं, परदेशी बँकेशी करार करायचा तो केंद्राने. केंद्र ते पैसे राज्याला देतं, राज्य एखादी एजन्सी नेमतं आणि ती गावागावात कामं काढते. २००५ पासून केंद्र हे कर्ज आहे त्याच अटींवर आणि त्याच चलनात राज्याकडे देतं, म्हणजे रुपया पडला तर तो फटका राज्याला. व्याजाचा आकडा ऐकून लोक खूष होतात, पण १९९९ ला डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता आणि आता ८० च्या वर आहे हेही बघायला पायजे. त्यातला किती वाटा राज्य गावाला अनुदान म्हणून देणार आणि किती कर्ज म्हणून, हे राज्य आणि नगरपरिषदेच्या करारात ठरतं. बोजा कोणावर याचं उत्तर त्या कागदात असतं, बँकेच्या माहितीपत्रकात शोधू नका.

आणि एकट्या गावासाठी कोणी येत पण नाही. हिशोब करा, २० हजार वस्ती, माणशी १३५ लिटरने २७ लाख लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के धरलं तर २१-२२ लाख लिटर सांडपाणी. एडीबीच्या लेखी हे काम फारच छोटं, आणि मालवण २०११ च्या जनगणनेत १८ हजारांच्या वर, वेंगुर्ला १२ हजारांच्या वर, म्हणजे आपण सगळे यातच. म्हणून गावांची मोळी बांधतात. शेजारी कर्नाटकाने १९९९ ला तेच केलं, एडीबीचं १७.५ कोटी डॉलरचं कर्ज आणि त्यात कारवार, अंकोला, भटकळ, उडुपी, मंगळूर अशी १० गावं-शहरं. गोव्याने २००७ मध्ये जपानकडून घेतलं, साळावलीचं पाणी वाढवायला आणि मडगाव वगैरे ठिकाणी मलनिस्सारणाला. आपल्याकडे असं काही व्हायचं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नगरपरिषदांनी एकत्र मागणी करायला हवी, एका गावच्या ठरावाने काही हलणार नाही. एकट्या गावाला आज जास्त जवळचा रस्ता म्हणजे केंद्राची शहरांसाठीची योजना अमृत २.०, ती २०२१ पासून सगळ्या शहरी संस्थांना लागू आहे आणि लाखाच्या आतल्या गावाला केंद्राचा हिस्सा निम्मा असतो, पण त्यात पाण्याचं काम बसतं, भुयारी गटाराचे पैसे पहिल्या अमृतमधल्या ५०० शहरांपुरतेच.

आता कर्जातली एक गोष्ट जी आपल्या भागात फार लागते. मंजूर झालेले पण न उचललेले पैसे पडून राहिले तरी त्यावर चार्ज लागतो, वर्ल्ड बँकेचा वर्षाला ०.२५ टक्के, एडीबीचा ०.१५. आपल्याकडे खोदाईचा सीझन ऑक्टोबर ते मे, त्यात डिसेंबरला टुरिस्ट आला की रस्ता खोदू देत नाहीत, मे मध्ये चाकरमानी आला की परत तेच, मग जून. त्यात एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटची, जागा खाडीजवळ असली की सीआरझेडची (किनारपट्टी नियमांची) परवानगी. पुण्याचं जपानी कर्जाचं उदाहरण आहे, ११ एसटीपींसाठी करार जानेवारी २०१६ ला झाला आणि काम सुरू व्हायलाच २०२२ उजाडलं, आणि ती एवढी मोठी महापालिका. जागा नगरपरिषदेच्या नावावर नसताना कोणी कर्जाच्या गोष्टी करत असेल तर सातबारा दाखवा म्हणावं.

पण माझा खरा जीव अडकतो तो पुढच्या खर्चात. बांधायला पैसे मिळतात हो, चालवायला कोणी देत नाही. जॅकवेलचं (पाणी उपसायच्या विहिरीचं) लाईट बिल, तुरटी, क्लोरीन, वॉलमनचा पगार, एसटीपी आला की हवा मारणारे ब्लोअर चोवीस तास. हे सगळं पाणीपट्टीतनं यायला पायजे आणि पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की सभागृहात सगळे गप्प. आमच्याकडे वरच्या वाडीतली एक काकी मला तोंडावर म्हणाली होती, "पाणी येवक नाय, मग बिल कित्याक भरू?" आणि तिचं बरोबरच होतं. पण आधी पाणी नीट दिलं की लोक भरतात. आंबोली घाट चढून गेलं की बेळगाव, तिथे आणि हुबळी-धारवाड, गुलबर्ग्यात वर्ल्ड बँकेच्या २००४ च्या कर्जातनं काही भागांत चोवीस तास पाणी मीटर लावून दिलं, आधी थोड्या वॉर्डांत करून दाखवलं. चेन्नईजवळच्या आलंदूरचं मला फार कौतुक वाटतं, तिथे भुयारी गटारासाठी घरटी ५,००० रुपये डिपॉझिट लोकांनी भरलं आणि महिना १५० चा आकार मान्य केला, कारण नगरपालिका गल्लोगल्ली जाऊन बोलली होती.

आणि गटाराचं म्हणाल तर मला स्वतःला आपल्या छोट्या गावांत सगळीकडे भुयारी गटार पटत नाही. घरं लांब लांब, मध्ये माड-पोफळीच्या बागा, खाली जांभा, दर चढाला पंपिंग स्टेशन, आणि पावसात जमिनीतलं पाणी चेंबरमध्ये शिरून प्लँटवर नुसतं पावसाचं पाणी जाणार. बाजारपेठ आणि हॉटेलांचा पट्टा तेवढा पाईपने जोडा. बाकी घरांना सेप्टिक टँक आहेतच, ते भरून वाहीपर्यंत कोणी उपसत नाही ही खरी अडचण. वाईत नगरपरिषदेने वॉर्डावार पाळी लावून ३ वर्षांतनं एकदा प्रत्येक टँक उपसायची पद्धत बसवली आणि तो मैला प्रक्रिया करायला वेगळा प्लँट केला. ते आपल्याला जमण्यासारखं आहे, खर्चही कितीतरी कमी. फक्त एक, नळाला पाणी वाढवलंत तर सांडपाणी पण त्याच प्रमाणात वाढणार, म्हणून पाण्याची योजना आधी आणि गटाराचं मग बघू असं कोणी म्हणालं तर विरोध करा, ते मग कधी येत नाही आणि जांभ्याच्या भेगांतनं शोषखड्ड्याचं पाणी शेजारच्या विहिरीत उतरतं.

तेव्हा तुमच्या सभेत ठराव आला तर हात वर व्हायच्या आधी तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: कर्जाच्या मुदतीत पाणीपट्टी किती होणार, घरापासून चेंबरपर्यंतच्या जोडणीचे पैसे कोण देणार, आणि प्लँटचं लाईट बिल कुठल्या हेडमधून. आणि डीपीआरवाला (प्रकल्प अहवाल बनवणारा) यायच्या आधी तुम्ही स्वतः विहिरींचे नमुने भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत द्या, एकदा मे मध्ये, एकदा भर पावसात. कुठल्या वाडीपासून काम सुरू करायचं ते त्या रिपोर्टवरून नकाशावर दाखवता येईल, आणि असा नकाशा हातात असला की मुख्याधिकाऱ्यांना पण तो बाजूला ठेवता येत नाही.