घरचा लँडलाइन फोन ठेवावा की परत करावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फायबर जोडणी घरोघरी पोहोचू लागल्यापासून जुन्या लँडलाइन फोनचे काय करावे, असे विचारणारी पत्रे वाढली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही सत्तरी ओलांडलेले असून साताऱ्यात एकटेच राहतो. वीज गेली तरी लँडलाइन चालू राहतो, या भरवशावर आम्ही तो ठेवला होता. गेल्या वर्षी त्याच क्रमांकावर फायबर जोडणी घेतली आणि आता वीज गेली की फोनही बंद पडतो. हा बिघाड आहे का?

उत्तर : हा बिघाड नाही. आपला समज तांब्याच्या तारेपुरता खरा होता आणि ती तार आता आपल्या फोनला जोडलेली नाही. तांब्याच्या जोडतारेवरील फोनला लागणारी वीज घरातून मिळत नसून ती टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेने, ४८ व्होल्टच्या दाबाने येते. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांचा संच आणि त्याच्या जोडीला डिझेल जनरेटर असल्यामुळे गावभर अंधार असतानाही डायल टोन मिळत असे. फायबर ही काचेची असते आणि तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्या प्रकाशाचे आवाजात रूपांतर करणारी, दिवे लुकलुकणारी जी पेटी आपल्या भिंतीवर बसवली आहे (तिला ओएनटी म्हणतात), ती घरच्या विजेवर चालते. ती बंद पडली की तिला जोडलेला फोनही मुका होतो.

यावर उपाय सोपा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर ही पेटी आणि तिच्यासोबत वायफायचा वेगळा राउटर असल्यास तोही इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्लगला जोडून घ्यावा. दोन्ही उपकरणांना वीज इतकी कमी लागते की पंख्याच्या तुलनेत बॅटरीवर पडणारा भार नगण्य असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, मात्र तो घेण्यापूर्वी पेटीच्या अॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर कागदावर उतरवून दुकानात न्यावेत. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असल्या तरी सगळ्याच तशा नसतात. एवढे करूनही वीज गेल्यावर जोडणी तुटत असेल, तर दोष घराबाहेरचा आहे. काही ठिकाणी स्थानिक केबलचालकाचे यंत्र इमारतीच्या जिन्याखाली साध्या विजेवर चालते आणि त्याला बॅटरी जोडलेली नसते. तशी शंका असल्यास त्यालाच स्पष्ट विचारावे.

ज्यांच्याकडे अजून तांब्याची तार आहे, त्यांनीही एक गोष्ट तपासावी. कॉर्डलेस फोनचा तळ घरच्या विजेवर चालतो, त्यामुळे तार तांब्याची असूनही वीज गेल्यावर तो फोन निरुपयोगी ठरतो. अशा घरात वायरचा एक साधा फोन जोडून ठेवला नसेल, तर वीज गेल्यावर चालणारी लाइन म्हणून भाडे भरण्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत, डोंगराच्या कुशीत आहे. मोबाईलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच येते. लँडलाइन दर पावसाळ्यात बंद पडतो. मुंबईतील मुले म्हणतात, तो बंद करा. काय करावे?

उत्तर : पावसाळ्यात तांब्याची लाइन कशी जाते, हे आपल्याला नवीन नसेल. जॉइंटमध्ये पाणी शिरले की आधी घरघर ऐकू येते, मग दुसऱ्याचे बोलणे कानावर पडू लागते आणि शेवटी लाइन डेड होते. जॉइंट नव्याने बांधला तर ती वर्षानुवर्षे चालू शकते. अडचण अशी आहे की तांब्याचे जाळे सांभाळणारी माणसे कमी झाली आहेत आणि एका वाडीतील दोन-चार जोडण्यांसाठी नवी केबल टाकली जाईल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. म्हणून १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि त्यानंतरही लाइन वर्षातील बराच काळ मुकीच राहत असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

तरीही मुलांचा सल्ला मी अर्धाच मान्य करीन. वाडीपर्यंत फायबर आली असेल तर ती आधी घ्यावी, एक पूर्ण पावसाळा तिचा अनुभव घ्यावा आणि मगच तांब्याची लाइन सोडावी. फायबरचे आपल्याकडे दोन ठळक फायदे आहेत. ओलाव्याने तिच्यात घरघर येत नाही आणि वळिवाच्या पावसात वीज पडल्यावर तांब्याच्या तारेतून घरात येणारा विजेचा झटका काचेतून येत नाही. अशा झटक्याने मोडेम जळण्याचा अनुभव कोकणात अनेकांना असेल. शिवाय घरात वायफाय आले की बहुतेक अलीकडच्या मोबाईलमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करता येते. त्यासाठी वेगळे अॅप लागत नाही, मोबाईलचा नेहमीचाच क्रमांक वापरला जातो आणि रेंज नसलेल्या माजघरातही फोन लागतो. ही सोय आपल्या मोबाईल कंपनीकडून मिळते का, एवढे मुलांना पाहायला सांगावे.

वादळाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब पडले, मोबाईल मनोरे बंद झाले आणि अनेक गावांचा संपर्क कित्येक दिवस तुटला. खांबावरून आलेली तार तांब्याची असो की काचेची, झाड कोसळले की ती तुटणारच. अशा दिवसांसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेला साधा बटणांचा मोबाईल आणि तो चार्ज करण्यापुरती पॉवर बँक, यांवरील खर्च मला लँडलाइनच्या भाड्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

प्रश्न : नाशिकमधील आमचा क्रमांक तीस वर्षांहून जुना आहे आणि तो दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. तो दुसऱ्या कंपनीकडे नेता येईल का?

उत्तर : नाही. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर मिळते, पण ती मोबाईलसाठी आहे, लँडलाइनसाठी नाही. आपली जोडणी बीएसएनएलची असेल, तर तांब्यावरून त्याच कंपनीच्या फायबरवर जाताना क्रमांक राखता येतो. अर्जात तशी मागणी स्पष्ट लिहावी, अन्यथा नवा क्रमांक माथी पडण्याचा संभव असतो. त्याआधी मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे देऊन जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, कारण पुढे स्थलांतर, अनामत रक्कम किंवा बंद करण्याचा अर्ज यांपैकी काहीही करताना दिवंगत व्यक्तीची सही मागितली जाते आणि काम अडते.

क्रमांक सोडायचाच ठरला तर घाई करू नये, कारण एकदा सोडलेला क्रमांक परत मिळेल याची हमी नसते. बँक, विमा, गॅस एजन्सी, सोसायटीचे रजिस्टर, डॉक्टरांची फाइल अशा ठिकाणी वडिलांनी कोणता क्रमांक दिला होता, ते पाहून आधी तो बदलावा. भावनेचा प्रश्न उरतो, त्यात मी पडत नाही. हिशेब मात्र मांडून पाहावा : मासिक भाडे २०० रुपये धरले, तर १८ टक्के जीएसटीसह वर्षाला २,८३२ रुपये होतात.

प्रश्न : आईला विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे. स्मार्टफोन तिला जमत नाही, लँडलाइन जमतो. पण दुपारी ती एकटी असताना फसवणुकीचे फोन येतात. फोन काढून टाकावा का?

उत्तर : काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरलेल्या जागी असलेला, उचलला की बोलता येणारा फोन ही त्यांची अनेक वर्षांची सवय आहे आणि या आजारात जुन्या सवयी बऱ्याच काळ टिकतात. नवे उपकरण शिकवणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत जाते. मोठ्या बटणांचा, आवाज वाढवता येणारा आणि स्मृतीची वेगळी बटणे असलेला वायरचा फोन घ्यावा. त्या बटणांवर आपला आणि शेजाऱ्यांचा क्रमांक भरताना मोबाईल क्रमांकाआधी शून्य लावायला विसरू नये. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना शून्य लावणे आवश्यक झाले आहे आणि जुन्या डायरीतून उतरवलेले क्रमांक नेमके यामुळेच लागत नाहीत.

फसवणुकीचा धोका खरा आहे. “दोन तासांत तुमचा फोन बंद होणार आहे, ९ दाबा” असे ट्रायच्या नावाने सांगणारे फोन बनावट असतात. ट्राय ही नियामक संस्था असून ती कोणाचाही फोन बंद करण्यासाठी घरी फोन करत नाही. पोलिसांच्या नावाने ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारेही तसेच. अशी अटक कायद्यात नाही. १९०९ वर जाहिरातींचे फोन थांबवण्याची नोंदणी लँडलाइनसाठीही करता येते, पण भामट्यांना ती अडवू शकत नाही. म्हणून आईच्या खात्याची कार्डे, पिन आणि मोठ्या रकमेचे व्यवहार त्या फोनच्या आसपास राहू देऊ नयेत. हे जमले तर फोन उचलला गेला तरी हानी मर्यादित राहते. पैसे गेलेच तर १९३० वर तत्काळ कळवावे.

प्रश्न : जुना गोल डायलचा फोन फायबरच्या पेटीला चालेल का? आणि वरच्या मजल्यावरील पॅरलल फोन?

उत्तर : गोल डायलच्या फोनची घंटी बहुधा वाजेल आणि बोलताही येईल, परंतु त्याच्या डायलचे ठोके बऱ्याच पेट्यांना कळत नाहीत, त्यामुळे त्यावरून फोन लावता येईलच असे नाही. पॅरलल फोन चालतो. मात्र पेटीचा फोनचा पोर्ट घरातील जुन्या वायरिंगला जोडण्यापूर्वी खांबावरून आलेली तांब्याची तार त्या वायरिंगपासून सोडवलीच पाहिजे. एक्स्चेंजकडून येणारा विजेचा दाब पेटीत शिरला तर ती खराब होऊ शकते. हे काम लाइनमनकडून करून घ्यावे.

प्रश्न : पत्त्याचा पुरावा म्हणून बिल उपयोगी पडते, म्हणून फोन ठेवला आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : एवढ्याच कारणासाठी ठेवण्याची गरज नाही. बँका पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतील टेलिफोन बिल स्वीकारतात, तसेच वीज, पाणी, नळाने येणारा गॅस किंवा पोस्टपेड मोबाईल यांचेही बिल स्वीकारतात, आणि यांपैकी एखादे आपल्या नावावर असेलच. बंद करण्याचा अर्ज देताना उपकरण परत केल्याची पोच आणि अर्जाची शिक्का मारलेली प्रत घ्यावी, शेवटचे बिल भरावे आणि अनामत रक्कम ज्या बँक खात्यात यायला हवी, त्याचा तपशील अर्जावरच लिहावा. पोच नसेल तर पुढील महिन्याचे भाडे पुन्हा आकारले गेल्यावर आपल्या हाती दाखवायला काही राहत नाही.