हत्याराला दुकानाचं नाव कळू देऊ नकोस

इंदूर, सोमवार सकाळ

प्रिय बेटा,

काल तू गेलीस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. लॅपटॉपवर अकरा दुकानांच्या बिलाच्या प्रोग्रामचे अकरा फोल्डर उघडून तू विचारलंस, "काका, यातलं खरं कोणतं?" आणि मी काही बोलायच्या आत, हे सगळं सोडून वेब शिकू का, असा दुसरा प्रश्न टाकलास. दुसऱ्याचं उत्तर मी देणार नाही. शिकायचं तर खुशाल शीक. हे अकरा फोल्डर तिथेही तुझ्या मागोमाग येतील. पहिला प्रश्न मात्र बोचला. २००६ साली तोच मला पडला होता आणि विचारायला कुणी नव्हतं.

आधी तुझ्या त्या एका रुपयाचं बघू. क्लॉथ मार्केटच्या दुकानात ४१२.५० चं बिल ४१२ झालं आणि ४१३.५० चं ४१४, म्हणून शेटजी तुझ्यावर रागावले. ॲक्सेस, म्हणजे ज्यावर तुझे प्रोग्राम चालतात तो मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, बिघडलेलं नाही. व्हीबीए, म्हणजे त्यातली कोड लिहायची भाषा; तिचा राउंड, म्हणजे पूर्णांक करून देणारं फंक्शन, बरोबर अर्ध्यावर अडकलेली रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतो. एक्सेलच्या शीटवरचा राउंड तसं करत नाही, तो अर्धा वर ढकलतो, आणि शेटजींचा मुलगा एक्सेलमध्येच ताडून बघतो. सियागंजच्या दुकानाच्या कॉपीत तू अर्धा मिळवून इंट, म्हणजे खालचा पूर्णांक, घेतलास, तिथे बिल बरोबर आलं. पण माल परत आला की रक्कम वजा होते. वजा ४१२.५० मध्ये अर्धा मिळवून इंट घेतला की येतात वजा ४१२. बिल ४१३ चं, वापसी ४१२ ची. एक रुपया त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर बसून राहतो, वर्षानुवर्षं. म्हणजे अकरांपैकी खरं एकही नाही. चिन्ह बाजूला काढायचं, उरलेल्या रकमेत अर्धा मिळवून पूर्णांक घ्यायचा, चिन्ह परत लावायचं. आणि रक्कम डबल या आकड्यांच्या प्रकारात ठेवूच नकोस, करन्सी या प्रकारात ठेव. करन्सी चार दशांश स्थळं नेमकी सांभाळतो. डबलला साधे दहा पैसेही नेमके धरता येत नाहीत.

झालं, चार ओळींचं काम. ते तुला कुणीही सांगितलं असतं. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा.

तुझं रुपयाचं फंक्शन थेट बिलाच्या फॉर्मवरच्या टोटलच्या चौकटीत हात घालतं. फॉर्म बंद असला की ते एरर देतं. रिपोर्टला ते वापरता येईना, म्हणून रिपोर्टात तू तेच पुन्हा लिहिलंस, जरा वेगळं. आणि एका फोल्डरात तर चक्क 'दुकानाचं नाव अमुक असेल तर' अशी ओळ सापडली. फंक्शन हे आपलं हत्यार. हत्याराला दुकानाचं नाव कळू देऊ नकोस. फॉर्मचं नको, टेबलचं नको, दुकानाचं तर नकोच नको. रक्कम आत जावी, रक्कम बाहेर यावी. सुताराचा रंधा दार कुणाच्या घरचं आहे ते विचारत नाही.

घाई होती म्हणशील. मीही हेच म्हणायचो. फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेसवर मी कामं घ्यायला लागलो तेव्हा नवं दुकान आलं की त्यातल्या त्यात जुळणारं फोल्डर कॉपी करायचं, बिलावरचं नाव बदलायचं आणि शेटजी सांगतील ते आत कोंबायचं. चौतीस दुकानं, चौतीस फोल्डर. १ एप्रिल २००६ ला मध्य प्रदेशात व्हॅट लागू झाला. कर बदलायचाच होता, म्हणून वापसीच्या रुपयाची ती चूकही त्याच फेरीत दुरुस्त करायला घेतली. पंधरा रात्री जागून एकेक दुकान केलं. तेहेतीस ठिकाणी दोन्ही कामं नीट झाली. चौतिसाव्या ठिकाणी कर बदलला आणि रुपया राहून गेला, कारण त्या कॉपीत ती ओळ दुसऱ्याच फाइलमध्ये होती आणि ती तिथे मीच कधीतरी हलवली होती.

ते सियागंजमधलं किराण्याचं दुकान. तिथले मुनीमजी रोज संध्याकाळी लाल पेन्सिलीने रोकड जुळवायचे. ज्या दिवशी माल परत यायचा त्या दिवशी त्यांची बेरीज आणि कॉम्प्युटरची बेरीज दोन-चार रुपयांनी चुकायची. कॉम्प्युटर चुकेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपले डोळे गेले असं समजून ते फरक स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकत राहिले. दोन महिन्यांनी मी प्रिंटरची रिबन बदलायला गेलो तेव्हा वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "भैया, मेरी जोड़ में गलती कहाँ है, बता दो।"

एकूण १८६ रुपये. मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ज्या माणसाची बेरीज कुणी कधी तपासली नव्हती त्याला स्वतःच्या बेरजेबद्दल शंका यायला लावली मी. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही. म्हणून तू काल 'एकच रुपया तर आहे' म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढला. त्याबद्दल माफ कर, पण ते वाक्य पुन्हा बोलू नकोस.

त्यानंतर मी एक फाइल केली. तिच्यात जे जाईल त्याला कुठल्याही दुकानाची ओळख असता कामा नये, एवढाच नियम. पहिल्यांदा गेलं ते रुपयाचं. मग अक्षरी रक्कम. तयार मिळणारे नमुने सगळे मिलियनवाले, आपल्याला लाख-कोटी हवेत: आधी शेवटचे तीन आकडे वेगळे काढायचे, मग दोन-दोन. शिवाय आपल्याकडे नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव निराळं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत माझी स्वतःची गफलत होत असे, आणि शेटजींना हवं हिंदी: उनहत्तर, उन्यासी. म्हणून शब्द कोडमध्ये लिहिलेच नाहीत, टेबलात ठेवले. भाषा बदलायची तर टेबल बदल. त्या फंक्शनला आकडा दिसतो आणि शब्दांची यादी दिसते, बाकी काही नाही. तारखेवरून आर्थिक वर्ष काढणं, तेही गेलं. बिलाचा नंबर गेला. तो तू अजून सगळ्यात मोठ्या नंबरात एक मिळवून काढतेस, आणि दोन काउंटरवर एकाच क्षणी एंटर दाबलं की दोघांना एकच नंबर मिळतो. नंबराचं वेगळं टेबल कर, ओळ लॉक करून नंबर घे, मग सोड. जीएसटीत बिलाचा नंबर त्या वर्षात एकमेव असावा लागतो आणि जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, हे तुला ठाऊक आहेच.

मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची, म्हणजे फॉक्सप्रोच्याच पुढच्या अवताराची, दहावी आवृत्ती निघणार नाही. बरोबरीचे मित्र पुण्याला गेले, जावा शिकले. मला म्हणाले, तू हट्टी आहेस. होतो. पण मी आळसाने थांबलो असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. चौतीस दुकानांची बिलं माझ्यावर चालत होती, मी उठून गेलो असतो तर त्यांनी कुणाला फोन केला असता? मी एकेक दुकान ॲक्सेसवर आणलं. अक्षरी रक्कम एका दुपारीत आली, कारण तिला कुणाची ओळख नव्हती. बिलाच्या रिपोर्टला सगळ्यांची ओळख होती, त्याला सात महिने लागले. हाच माझा पुरावा आहे, आणि याच्यापुढे मी कुणाचं ऐकत नाही. हत्याराला दुकानाचं नाव ठाऊक नसेल तर ते भाषा बदलली तरी सोबत येतं.

आता तू हुशार आहेस, म्हणून तू करशील ती चूक आधीच सांगतो. अकराही दुकानं एकाच फंक्शनात बसवायची आणि बाहेरून हो-नाही पाठवायचं: सूट आधी का नंतर, हमाली धरायची का, बारदान वजा करायचं का. मी तसं केलं होतं, चौदा हो-नाही असलेलं एक फंक्शन. त्यात दुकानाचं नाव कुठेही नव्हतं आणि तरी त्याला प्रत्येक दुकान ओळखू येत होतं. सातवा हो म्हणजे अमुक शेटजी, हे माझ्याशिवाय कुणाला कळत नसे. ते मोड. हमालीचं वेगळं, बारदानाचं वेगळं, सूट द्यायचं वेगळं. कुठलं आधी बोलवायचं ते दुकानाच्या फाइलला ठरवू दे. दुकानाची माहिती असायची जागा तीच.

दरांचंही तसंच. १ जुलै २०१७ ला, वर्षाच्या अधेमधेच, जीएसटी आला तेव्हा माझ्या फंक्शनात एकही टक्का लिहिलेला नव्हता. मालाचा गट, दर आणि लागू तारीख टेबलात. बिलाची तारीख द्यायची, त्या दिवशीचा दर घ्यायचा. जुनं बिल पुन्हा छापलं तरी जुनाच दर निघतो. ३० जूनच्या रात्री मी दहाला झोपलो. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा तू किती रात्री जागलीस, ते तूच मला सांगितलं आहेस.

ऑप्शन एक्स्प्लिसिट, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ, तुझ्या कोडच्या चार मॉड्यूलमध्ये नाही. यावर मी बोलणारसुद्धा नाही. आज रात्री घाल.

पुढच्या रविवारी ये. अकराही फोल्डर आहेत तसे आण, मध्ये एकही दुरुस्त करू नकोस. मी एक रिकामी ॲक्सेस फाइल करून ठेवतो. तिच्यात टेबल नसेल, फॉर्म नसेल, फक्त एक मॉड्यूल. अकराही दुकानांतून तिला रेफरन्स द्यायचा, म्हणजे तिच्यातलंच फंक्शन सगळीकडे चालेल. रुपयाचं फंक्शन तू माझ्यासमोर लिहायचं, मी कीबोर्डला हात लावणार नाही.

सोबत एका पानाची झेरॉक्स ठेवली आहे. मुनीमजींनी त्या दिवशी वहीतून फाडून दिलं होतं: बेचाळीस रकमा आणि प्रत्येकीपुढे त्यांच्या हाताने काढलेला पूर्ण रुपया. माझं रुपयाचं फंक्शन मी आजवर त्याच पानावर तपासत आलो. लाल पेन्सील झेरॉक्समध्ये फिकी आली आहे, पण वाचता येईल. पहिल्या सहा रकमा वापसीच्या आहेत, तिथून सुरुवात कर.

तुझा
काका